पूजेतला रिमोट

कोणतंही यंत्र हातात घेण्याआधी नाना पँटच्या डाव्या खिशातून रुमाल काढायचे. घडी उघडायची, रुमाल टेबलावर पसरायचा, चारी कोपरे तळहातानं सारखे करायचे आणि मग यंत्राकडे बघायचं. समोरच्याचं तोवर आपलं गाऱ्हाणं दोनदा सांगून झालेलं असायचं. नाना मान वर न करता म्हणायचे, "घाई तुझी आहे, त्याची नाही." त्याची म्हणजे यंत्राची.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, किंवा होऊन गेला असेल. पगाराच्या यादीत त्याचं नाव खालून कुठेतरी असतं, पण मोठ्या साहेबांच्या चष्म्याची काडी मोडली की शिपाई धावतो तो त्याच्याकडेच. आमचं ऑफिस नकाशांचं, केंद्र सरकारचं, दिल्लीतलं. लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्याखाली, 'इन्स्ट्रुमेंट रूम' अशी पाटी असलेली एक खोली होती आणि त्या खोलीत नाना होते. मी तिथे कंत्राटावर ड्रोन उडवायला लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

नाना मूळचे वर्ध्याकडचे. भावंडांत थोरले म्हणून घरी नाना, आणि तेच नाव ट्रंकेबरोबर दिल्लीला आलं. इकडे नाना म्हणजे आईचे वडील. त्यामुळे पंचविशीतल्या या सडपातळ मुलाला सगळं ऑफिस पहिल्या दिवसापासून 'नानाजी' म्हणू लागलं. "माझं लग्न व्हायच्या आधी मला नातवंडं झाली," असं ते सांगायचे. मयूर विहारला त्यांचा सोसायटीतला फ्लॅट होता, घरी काकू होत्या, आणि डब्यात रोज न चुकता ज्वारीची भाकरी असायची. ती ज्वारी कुठून मिळवतात हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. "माझ्याकडून गेलेलं परत येत नाही." हे ते मोठ्यानं कधी म्हणायचे नाहीत, पण म्हणायचे. एखादी वस्तू दुरुस्त करून दिली की दोन-तीन महिन्यांनी कॉरिडॉरमध्ये त्या माणसाला गाठून विचारायचे, "फिर तो नहीं बिगडा ना?" एकदा राजस्थानात बदली झालेला एक सर्वेक्षक दहा-बारा वर्षांनी ऑफिसात आला आणि सहज म्हणाला, "नानाजी, वो आपवाला लेवल अभी भी चल रहा है." लेवल म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण. नानांना मधुमेह होता. त्या दिवशी त्यांनी दोन चमचे साखर घातलेला चहा प्यायला आणि मला दम दिला की काकूंना कळता कामा नये.

माझी आणि त्यांची ओळख अँटेनावरून झाली. मी कराडची, हातात ड्रोन उडवायचं नवंकोरं सर्टिफिकेट, आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. दिल्लीत ड्रोन उडवायला बंदी, म्हणून मी नुसता रिमोट घेऊन ऑफिसच्या गच्चीवर शिकाऊ पोरांपुढे रुबाब करत होते. रिमोटला वरच्या बाजूला दोन अँटेना असतात, बोटभर लांबीच्या, चपट्या, बिजागरीवर उघडमीट होणाऱ्या. त्या मी आकाशाकडे रोखून धरल्या होत्या. नाना पाण्याच्या टाकीचा कॉक बघायला आले होते. थांबले. म्हणाले, "त्याला भाला का दाखवतेस?"

"म्हणजे?"

"टोक नको दाखवू. कूस दाखव. अँटेना टोकातून बोलत नाही, कुशीतून बोलते."

मला राग आला. ज्या माणसानं ड्रोन हातात धरलेलं नाही त्यानं मला शिकवावं? घरी जाऊन पुस्तिका उघडली, तर त्यात चित्रासकट हेच लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मी जिन्याखालच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "नाना, तुमचं बरोबर होतं." ते म्हणाले, "माझं नाही गं, अँटेनाचं." आणि डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. त्यानंतर माझं दुपारचं जेवण त्या खोलीतच व्हायला लागलं.

खंडेनवमीला त्या खोलीचं देऊळ व्हायचं. नाना टेबलावर काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा अंथरायचे. त्यावर स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंग आयर्न, कोन मोजायचा जुना पितळी थिओडोलाइट आणि त्या आठवड्यात दुरुस्तीला आलेलं जे काही असेल ते मांडायचे. झेंडूची फुलं, अक्षता, हळदकुंकू. कुंकू मात्र ते बोटानं लावत नसत. कुंकू तेलात कालवून आगकाडीच्या टोकानं बारीक रेघ ओढायचे. मी म्हणायचे, "नाना, टिळा लावा की सरळ, ही काय नक्षी?" ते हसायचे फक्त. एकदा मांडलेली पूजा दसऱ्यानंतरच उठणार. दसऱ्याला ऑफिस बंद, म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी. तोवर कशालाही हात लावायचा नाही हा त्यांचा कायदा, आणि तो साहेबसुद्धा पाळायचे. तिसऱ्या दिवशी नाना सगळ्यांना सोनं वाटायचे. दिल्लीत आपटा कुठला मिळायला? पण कचनारचं पान दिसायला तसंच, जोडलेल्या दोन पाकळ्यांचं. मयूर विहारच्या बागेतून ते पिशवीभर पानं आणायचे.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जीपमध्ये तिपाईची जड पिशवी रिमोटवर पडली. डावी अँटेना बिजागरीपाशी मोडली आणि आतल्या केसासारख्या तारेला लोंबकळू लागली. दुसरा रिमोट नव्हता. कंपनीकडून सुटा भाग यायला महिना लागणार होता. गाझियाबादच्या पलीकडच्या एका गावाचं काम अर्धं राहिलं होतं, आणि महिनाअखेर माझं कंत्राट वाढायचं की नाही ते ठरणार होतं. खंडेनवमीला मी सकाळी सकाळी नानांच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

रुमाल निघाला. कोपरे सारखे झाले. नानांनी रिमोट उघडला, डोळ्याला भिंग लावलं आणि एका मोडीत काढलेल्या रिमोटमधली अँटेना तारेसकट सोडवून याच्यात बसवली. तारेच्या टोकाला मसुरीच्या डाळीएवढी पितळी टोपी होती. ती जागेवर दाबली तेव्हा बारीक टक् असा आवाज झाला आणि नानांनी श्वास सोडला. मग बिजागरीचे तुकडे जुळवले, दोन नळ्यांतलं काहीतरी आगकाडीनं कालवून त्या फटीत भरलं. मी घड्याळ बघत होते. "झालं ना नाना? नेऊ?"

"परवा ने. आज हा पूजेत बसणार."

त्यांनी रिमोट साडीच्या तुकड्यावर ठेवला. अँटेनाखाली एक सुपारी सरकवली, वर झेंडू ठेवला, सांध्यावर कुंकवाची रेघ ओढली. मी म्हटलं, "रिमोटला पण गणपती?" नाना म्हणाले, "त्यालाच जास्त गरज आहे." बारा वाजता ते अर्धी रजा टाकून मराठी मंडळाच्या नवरात्राच्या आरतीला गेले.

एक वाजता साहेबांचा फोन आला. उद्यापासून त्या भागात उड्डाणाला मनाई लागणार होती, किती दिवस ते कुणाला माहीत नव्हतं. आजची संध्याकाळ तेवढी हातात होती. "रिमोट तो ठीक हो गया ना?" साहेबांनी विचारलं.

"जी सर. बिल्कुल ठीक है."

नानांना चार वेळा फोन लावला. उचलला नाही, आरतीत असणार. खोलीची किल्ली कुठे टांगलेली असते ते मला ठाऊक होतं. मी आत गेले, चप्पल बाहेर काढली, देवाची माफी मागितली. झेंडू बाजूला ठेवला, सुपारी उचलली, रिमोट घेतला. आणि अँटेना उभी होते का ते बघायला अंगठ्यानं ती वर केली. थोडी जड गेली, पण झाली उभी. अंगठ्याला कुंकू लागलं, ते मी ओढणीला पुसलं.

पुढचं थोडक्यात सांगते. ड्रोन उसाच्या शेतांवरून बरंच लांब गेल्यावर पडद्यावरचं चित्र थांबलं. हातातल्या रिमोटची डावी अँटेना हळूच कलंडली. सिग्नल गेला की ड्रोन आपलं आपण माघारी फिरतं, सरळ रेषेत. परतीची उंची मी झाडांच्या हिशेबानं ठेवली होती. त्या सरळ रेषेत एक वीटभट्टीची चिमणी होती. भट्टी बंद होती, आसपास कुणी नव्हतं. मी आणि ड्रायव्हर जाऊन तुकडे गोळा करून आलो.

परतताना नानांना फोन लागला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "कुणाला लागलं तर नाही ना?" कुणाला नाही, म्हणून सांगितलं. "अँटेना सुटली, नाना," मी म्हटलं. ते म्हणाले, "तू घरी जा आता. जेव."

दसरा मी सरोजिनी नगरला, जिच्याकडे मी राहायचे त्या मावशीच्या क्वार्टरमध्ये, पडून काढला. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर रिमोट होता. मी जीव मुठीत धरून उभी होते. नाना आता सांगणार, हिनं न विचारता, भरल्या पूजेतून उचलला. मग माझं कंत्राट गेलंच.

"नानाजी, रिपेयर आपने किया था?"

"जी."

"आपने ही इसको दिया?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जी साहब. मैंने दिया था."

"फिर टूटा कैसे?"

नानांनी रुमाल काढला. साहेबांच्या टेबलावर पसरला, कोपरे सारखे केले आणि रिमोट त्यावर घेतला. खिडकीकडे धरून सांधा नीट पाहिला. खूप वेळ पाहिला. मग रुमालाच्या एका टोकानं त्यांनी तो सांधा पुसला. "पूजा का कुंकुम लगा है," असं काहीतरी पुटपुटले. रिमोट परत ठेवला आणि म्हणाले, "हाथ से गलती हो गई, साहब. जोड कच्चा रह गया."

त्या वेळी मला काय वाटलं, तेही सांगून टाकते. मला हायसं वाटलं. पूजेचं त्यांनी झाकून घेतलं म्हणून मी उपकार मानले. आणि दुरुस्ती त्यांचीच कच्ची निघाली, म्हणजे मूळ चूक माझी नव्हतीच, याचं मनातून समाधान वाटलं. माणूस म्हातारा झाला, नजर कमी झाली, चालायचंच. मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं. केबिनमधून बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून कचनारचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं. "सोनं घे," म्हणाले.

महिनाअखेर माझं कंत्राट वाढलं. त्याच सुमारास ऑर्डर निघाली की यापुढे सगळी दुरुस्ती कंपनीकडूनच होईल. जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागलं आणि नानांना टपालात बसवलं. निवृत्तीला आठ महिने होते. ते आठ महिने त्यांनी पाकिटांवर शिक्के मारले. तिथेही रुमाल पसरायचे, त्यावर शिक्का ठेवायचे. मी अधूनमधून जायचे, पण पूर्वीसारखं बसवायचं नाही. काही मागायला गेले की ते लगेच उठायचे. "घाई तुझी आहे" हे मात्र मला परत कधी म्हणाले नाहीत. इतरांना म्हणायचे. हा फरक माझ्या तेव्हा लक्षातही आला नाही.

निरोपसमारंभात चार शब्द बोलायला मला उभं केलं. समोशांच्या वासात, सगळ्या ऑफिससमोर मी बोलले. अगदी मनापासून बोलले. म्हटलं, "नानाजी से एक बार चूक हुई. पर उन्होंने किसी और पर नहीं डाली, सामने खडे होकर मान ली. ये मैंने उनसे सीखा." टाळ्या पडल्या. नाना पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते, आणि मांडीवर रुमालाची घडी करत होते. घडी झाल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. ते आठवलं की आजही मला कुठे तोंड लपवू असं होतं.

निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे दोनदाच गेले. बोलावणं नेहमी असायचं, मीच कामाची सबब सांगायचे. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला, हॉस्पिटलात आठवडाभर होते, आणि गेले. मी तेव्हा बाहेरगावी उड्डाणावर होते. काकूंना भेटायला महिन्यानं गेले.

काकू बारीक झाल्या होत्या. बाहेरच्या खोलीत नानांचा फोटो होता, आणि खिडकीशी त्यांची लाकडी हाताची जुनी खुर्ची. मी सवयीनं तिच्यावर बसायला गेले.

"तिच्यावर नको गं," काकू घाईनं म्हणाल्या. "ती पूजेत आहे."

मी वाकून बघितलं. खुर्चीचा उजवा हात जोडलेला होता. सांध्याखाली एक सुपारी अडकवली होती, वर वाळून कागद झालेला झेंडू होता, आणि फटीवरून आडवी गेलेली कुंकवाची बारीक रेघ.

"पण खंडेनवमी तर कधीच होऊन गेली, काकू."

काकूंना हसू आलं. "तुला नाही माहीत? अगं, त्यांची सगळी पूजा तसलीच. हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या दिवशी जोडलीये ही. म्हणायचे, जोड ओला आहे म्हटलं की लोक बोट लावून बघतात. देव बसलाय म्हटलं की लांबून नमस्कार करतात. दीड दिवस तरी हलवायचं नसतं ना. आणि सुपारी टेकू म्हणून."

मी विचारलं, "आणि कुंकू?"

"ती त्यांची खूण. रेघ अख्खी असेल तर जोड पक्का. तुटली, फिसकटली, तर समजायचं की वाळायच्या आत कुणीतरी हलवलं. आता वाळलं असेल कधीच. पण ते स्वतः सुपारी काढायचे, म्हणून मी हात लावला नाही."

मी जमिनीवरच बसले. माझा अंगठा, ओढणीला पुसलेलं कुंकू, खिडकीकडे धरलेला रिमोट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. साहेबांच्या केबिनमध्ये नानांनी त्या सांध्यावर माझा ठसा पाहिला होता. खूप वेळ पाहिला होता, आणि रुमालानं पुसला होता. साहेबांना दिसू नये म्हणून, असं मला आधी वाटलं. पण साहेबांना त्या कुंकवातलं काय कळणार होतं? माझ्याच अंगठ्याचा ठसा बघून मला कधी उमजू नये, म्हणून पुसलं होतं.

काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझ्या त्या रिमोटचं फार लावून घेतलं होतं त्यांनी. एवढ्या वर्षांत तेवढं एकच परत आलं. मी विचारलं, अहो, रेघ बघितली का? तर म्हणे, बघायची राहिली, पुसली गेली. त्यांची कधी राहायची नाही बघायची."

मी कप खाली ठेवला. "काकू, रेघ फिसकटली होती."

"तू पाहिलीस?"

"माझ्याच अंगठ्यानं फिसकटली. मी पूजेतून उचलला होता रिमोट. दुपारी एकलाच. त्यांनी सकाळी दहाला जोडलेला. त्यांनी मला परवा ने म्हणून सांगितलं होतं."

मला वाटलं काकू आता मला जा म्हणतील, आणि तसं म्हणाल्या असत्या तर मी गेले असते. त्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदरानं काच पुसली.

"अहो, ऐकलंत का," त्या म्हणाल्या. "तुमचं काही परत आलं नव्हतं."

मग त्या खुर्चीपाशी आल्या. डोळे बारीक करून रेघ पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झेंडू उचलला. सुपारी घट्ट बसली होती, ती हलवून हलवून काढली आणि मुठीत धरली.

"बस आता," मला म्हणाल्या.

मी बसले. खुर्चीच्या जोडलेल्या हातावर हात ठेवला, मग हळूच जोर दिला. खुर्ची हलली नाही.